फुरसुंगीचा फेणे आणि हमरस्त्यावरचे प्रेक्षक

'फास्टर फेणे' हा चित्रपट २७ ऑक्टोबर २०१७ ला लागला. दिग्दर्शन आदित्य सरपोतदार यांचं, लेखन क्षितिज पटवर्धन यांचं, फेणे अमेय वाघ आणि खलनायक अप्पा गिरीश कुलकर्णी. त्या आठवड्यात मराठीत जे छापून आलं त्याचा एकूण सूर कौतुकाचा होता. वेग आहे, अप्पा जबर उतरलाय, कंटाळा येत नाही, असा. कुरकुर होती ती मुख्यतः एकाच गोष्टीची. भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतला बन्या फेणे शाळकरी होता, हा तर दाढी-मिशा फुटलेला बाप्या झाला! कुणी समजूत घातली की काळ बदलला, फेणेनेही बदलायला हवं. कुणी म्हणालं, हा आमचा फाफे नव्हे. भांडण गोडीगुलाबीचंच होतं, पण त्यातल्या 'आमचा' या शब्दावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं. लिहिणारे बहुतेक जण पस्तिशी-चाळिशी ओलांडलेले, आणि हातातली मोजपट्टी प्रत्येकाच्या स्वतःच्या लहानपणाची. सोळा-सतरा वर्षांच्या पोरापोरींना हा सिनेमा कसा वाटला, ते त्या मजकुरात शोधून सापडत नाही.

एका चित्रपटापुरती ही गोष्ट असती तर सोडून देता आली असती. पण पुस्तकातून आणि छोट्या पडद्यावरून मोठ्या पडद्यावर आलेल्या कोवळ्या वयाच्या नायकाकडे मराठी समीक्षा गेली कित्येक वर्षं अशीच पाहत आली आहे. ही नजर कुठे घडली, हे पुण्या-मुंबईत बसून लवकर ध्यानात येत नाही. मन्नाएखेळ्ळीसारख्या गावातून पाहिलं की येतं.

मन्नाएखेळ्ळी कर्नाटकाच्या बिदर जिल्ह्यातलं, पूर्वी हुमनाबाद तालुक्यात आणि आता चिटगुप्प्यात मोडणारं, कलबुर्गीच्या हद्दीजवळचं गाव. सोलापूर-हैदराबाद हमरस्ता याच गावावरून जातो. चौकात कन्नड, दख्खनी, मराठी आणि तेलुगू एकाच टपरीवर ऐकू येतात, आणि त्यात कुणाला नवल वाटत नाही. जवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड, हिंदी अशा भाषांत पदं रचली, ती याच हवेत. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद राज्यात होता आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. भाषावार प्रांतरचनेत ते मराठी मुलखाकडे गेले, बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद इकडे राहिले, जहिराबादकडचा भाग आंध्रात गेला. इकडे राहिलेल्यांची मराठी घरात, भजनात, सोयरिकीत टिकली. टीव्हीवर मात्र ती फार उशिरा आली.

गंमत अशी की टीव्ही स्वतः या भागात लवकर आला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचे संच लावले गेले. 'साइट' या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. कर्नाटकातले त्यासाठी निवडलेले जिल्हे होते विजापूर, रायचूर आणि तेव्हाचं गुलबर्गा, आजचं कलबुर्गी. म्हणजे बेंगळुरूला केंद्र सुरू होण्याआधी, त्याला तर १९८१ उजाडलं, गुलबर्ग्याच्या खेड्यांतली मुलं सकाळी शाळेत आणि संध्याकाळी चावडीपुढे टीव्ही पाहत होती. प्रयोग संपल्यावर १९७७ मध्ये गुलबर्ग्याला जमिनीवरचं प्रक्षेपणही सुरू झालं. कार्यक्रम अर्थातच मुख्यतः कन्नड. घरी मराठी बोलणाऱ्या पोरांनीही आयुष्यातला पहिला टीव्ही कन्नडमध्येच पाहिला, आणि ते स्वाभाविकच होतं.

त्याच सुमारास मुंबई दूरदर्शनवर 'चिमणराव' गाजत होता. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पाठोपाठ पुण्याला ते दिसू लागलं, आणि चिं. वि. जोश्यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने घरोघर पोचले. १९७९ मध्ये याच जोडीला घेऊन 'चिमणराव गुंड्याभाऊ' हा चित्रपट आला. मराठीत मालिकेवरून चित्रपट निघण्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. आज काय उरलंय ते पाहावं. मालिकेचं नाव काढलं की साठीतली माणसं अजून खुलतात, चित्रपटाची आठवण मुद्दाम करून द्यावी लागते. मालिकेचे बहुतेक भाग आता पाहायलाही मिळत नाहीत. म्हणजे तुलना झाली ती चित्रपट आणि आठवण यांच्यात, आणि आठवणीशी कुस्ती खेळून कुठला चित्रपट जिंकणार? तरीही मराठी समीक्षेत हा खेळ मान्य झाला आणि पुढे रूढच झाला. मूळ कलाकृती लिहिणाऱ्याच्या मनात, वाचणाऱ्याच्याही मनात, आणि दोघांचं मन एकाच प्रक्षेपकाच्या टप्प्यातलं. मन्नाएखेळ्ळी त्या टप्प्याबाहेर होती.

फेणेची गोष्ट यापेक्षा लांबलचक आणि अधिक रंजक आहे. भागवतांनी बनेश फेणे घडवला तो हडपसरजवळच्या फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभुवन शाळेत शिकणारा, सायकलवर बसला की कुणाला न आटपणारा पोरगा. अंगाने काडीपैलवान, डोकं तल्लख, आणि मोक्याच्या क्षणी तोंडून 'टॉक्क' निघणारं. हा पोरगा पुण्याच्या गल्ल्यांतून निघाला तो थेट काश्मीरपर्यंत पोचला. त्याच्या वीसेक पुस्तकांनी दोन-तीन पिढ्यांना वाचायची सवय लावली. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर त्याची मालिका आली आणि सुमीत राघवन तेव्हा फेणे झाला होता. २०१७ च्या चित्रपटाची नाळ श्रेयनामावलीत पुस्तकांशी जोडलेली आहे आणि ते योग्यच. पण ज्या पिढीने त्या चित्रपटावर लिहिलं, तिच्या डोळ्यांपुढचा फेणे पुस्तकातल्या रेखाटनांइतकाच त्या मालिकेनेही घडवलेला होता. या मधल्या दुव्याचा उल्लेख परीक्षणांत झाला तो आठवणीचा किस्सा म्हणून. टीव्हीने या पात्राचं काय केलं, काय जोडलं आणि काय गाळलं, याचा विचार कुणी केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

याचं कारण मराठी समीक्षेची जुनी पतप्रतिष्ठेची उतरंड. कोवळ्या वयावरचा चित्रपट कादंबरीतून आला की त्याला पाट मांडला जातो. मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवरचा सुजय डहाके यांचा 'शाळा' आला, त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि आणीबाणीतलं नववीचं वर्ष हा गंभीर चर्चेचा विषय झाला. ते व्हायलाच हवं होतं. एकांकिकेतून आलेल्या रवी जाधव यांच्या 'बालक-पालक'लाही २०१३ मध्ये विषयाच्या धीटपणाबद्दल मान मिळाला. वर्षभराने त्याच दिग्दर्शकाचा 'टाइमपास' आला. त्याच्यामागे कादंबरी नव्हती, एकांकिकाही नव्हती. समोर शिट्ट्या मारणारी पोरं मात्र होती, आणि बऱ्याच जाणत्यांनी नाक मुरडलं. टीव्हीतून आलेल्या पात्राचा नंबर या उतरंडीत कादंबरी आणि रंगभूमीच्या खाली. वर्तमानपत्रातून आलेल्याचा कुठे, ते अजून ठरायचंय. 'सकाळ'मधला चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी पडद्यावर आणला, तेव्हाही परीक्षणांत विचारलं गेलं ते हेच, की चित्रपट चित्रमालिकेतल्या चिंटूशी इमान राखतो का.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा. २००९ पासून कर्नाटकात 'चिंटू टीव्ही' नावाची लहान मुलांची कन्नड वाहिनी दिसत आली आहे. बिदरकडच्या मराठी घरातल्या एखाद्या पोराला २०१२ मध्ये 'चिंटू' म्हटलं असतं, तर त्याच्या डोळ्यांपुढे कन्नडमध्ये बोलणारी कार्टून्स आली असती. पुण्याच्या घरात रोज सकाळी पेपरमध्ये येणारा हट्टी मुलगा त्याच्या ओळखीचाच नव्हता. एकाच नावाची ही दोन बालपणं. समीक्षकाने त्यातलं एकच धरलं, दुसरं आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

मराठी टीव्ही या पट्ट्यात खऱ्या अर्थाने आला तो उपग्रह वाहिन्यांबरोबर. १९८४ मध्ये देशभर जवळपास रोज एक या वेगाने लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले होते, पण ते दिल्लीचा कार्यक्रम दाखवायचे. त्यामुळे 'हम लोग' सगळ्यांचा झाला, राजदत्तांचा मराठी 'गोट्या' सगळ्यांचा होऊ शकला नाही. केबलवाल्याच्या डबीतून १९९९ मध्ये 'अल्फा मराठी' आलं आणि २००० मध्ये 'ई टीव्ही मराठी'. यातली दुसरी वाहिनी कुठून चालायची? हैदराबादेबाहेरच्या रामोजी फिल्म सिटीतून. पुण्याहून निघून सोलापूर, उमरगा, हुमनाबाद, मन्नाएखेळ्ळी, जहिराबाद, हैदराबाद करत विजयवाड्याकडे जाणारा जो राष्ट्रीय महामार्ग, आजचा क्रमांक ६५, त्याच रस्त्यावर रामोजी फिल्म सिटी आहे. फेणेचं फुरसुंगीही याच रस्त्याच्या पुण्याकडच्या टोकाला, फार आत नाही. महाराष्ट्रातून कामासाठी निघालेले कलावंत आणि तंत्रज्ञ रात्रीच्या गाड्यांनी याच रस्त्याने यायचे-जायचे. मराठी मालिका आमच्या दारावरून जात होती. पण ती कुणासाठी बनते आणि तिच्यावर कोण लिहितं, हे ठरत होतं रस्त्याच्या त्या टोकाला.

म्हणून इथल्या पोरांकडे फेणेची आठवण असलीच तर ती उसनी. कुणा मराठी शाळेच्या कपाटात एखादं पुस्तक असलं, कुणाची मावशी लातूरला असली, तर तेवढीच. ती पोरं चित्रपटाकडे आली ती कोरी पाटी घेऊन. त्यांना पहिला फेणे दिसला तोच अमेय वाघचा. आता समीक्षेच्या दृष्टीने पाहिलं तर हा किती मोलाचा प्रेक्षक! जुन्या फेणेचं ओझं डोक्यावर नसलेला, भाषा समजणारा, वय नेमकं जुळणारा. चित्रपट स्वतःच्या पायांवर उभा राहतो का, हे असल्या प्रेक्षकाला विचारायचं. विचारलं कुणी नाही.

वय वाढवण्याच्या मुद्द्याकडे परत येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. पडद्यावर येताना पात्र मोठं करायची युक्ती मराठीची नव्हे. 'डोरा द एक्सप्लोरर' ही सात वर्षांची मुलगी, दक्षिणेत डब होऊन 'डोरा-बुज्जी' म्हणून घराघरांत शिरलेली, २०१९ मध्ये चित्रपटात आली ती सोळा वर्षांची होऊन, आणि हायस्कुलात दाखल झाली. अमेरिकी समीक्षकांना तो चित्रपट अपेक्षेपेक्षा बराच आवडला, कारण मालिकेतल्या डोराच्या सवयी सोळाव्या वर्षी किती विचित्र दिसतात, याची थट्टा चित्रपट स्वतःच करतो. त्याआधी २००३ मध्ये 'लिझी मॅग्वायर' मालिकेवरचा चित्रपट आला, तेव्हा अभिप्राय संमिश्र होते आणि हा लांबवलेला भागच आहे, अशी तक्रार होती. पण त्या परीक्षणांत एक प्रश्न हटकून असायचा. हा कुणासाठी आहे आणि त्यांना आवडेल का? उत्तर पुष्कळदा वरून खाली पाहत दिलेलं असायचं, तरी प्रश्न विचारला जायचा. आपल्याकडे तोही शिरस्ता पडला नाही. मराठी परीक्षण थेट 'आम्हाला भावला का' इथूनच सुरू होतं.

सरपोतदार-पटवर्धनांनी फेणेला मोठं केलं ते कशासाठी? तो वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यायला पुण्यात येतो आणि भा. रा. भागवतांच्याच घरी उतरतो. भागवत झालेत दिलीप प्रभावळकर. चाळीस वर्षांपूर्वीचा चिमणराव इथे फेणेच्या जन्मदात्याच्या वेषात बसलेला, हा योगायोग नुसता गोड म्हणून सोडून देण्याजोगा नाही, मराठी टीव्ही आणि सिनेमाचा अख्खा धागा त्यात आहे. परीक्षेच्या वेळी ओळख झालेल्या एका मुलाचा मृत्यू होतो, पोलीस आत्महत्या म्हणतात, फेणेला ते पटत नाही, आणि शोध घेता घेता तो परीक्षेच्या बाजारापर्यंत जातो. बारा वर्षांच्या मुलाला या बाजारात शिरायला दारच नाही. सतराव्या वर्षी आत ढकलूनच देतात. भागवतांच्या काळात साहस म्हणजे शत्रू, दरोडेखोर, स्मगलर. २०१७ मधल्या मराठी पोराच्या वाट्याला आलेलं साहस म्हणजे प्रवेश परीक्षा. वय वाढवण्याचा निर्णय मला म्हणूनच चित्रपटातला सर्वांत नेमका निर्णय वाटतो. त्याच्यावर 'काळानुरूप' असा एका शब्दाचा शिक्का मारून परीक्षणं पुढे गेली. अप्पाच्या अभिनयावर परिच्छेदच्या परिच्छेद, आणि अप्पा जो धंदा करतो त्यावर ओळ-दोन ओळी.

आमच्या पट्ट्यात हे उलटं झालं असतं. इथलं घर दोन दिशांना पोरं पाठवतं. मराठीतून किंवा सेमी-इंग्रजीतून शिकलेलं आणि नातं तिकडे असलेलं पोरगं लातूरला जातं, 'लातूर पॅटर्न'च्या क्लासमध्ये. इतर बिदरला जातात, जिथल्या शाहीन संस्थेने नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या निकालावर देशभर नाव कमावलंय. दहावीच्या सुटीत बापाने खताच्या दुकानदाराकडून उचल घेऊन फी भरायची, पोराने कॉट बेसिसवर राहायचं, मेसचा डबा खायचा, आणि दर रविवारच्या चाचणीचे गुण बापाच्या मोबाइलवर यायचे. मुंबई फिल्म कंपनी, जिने हा चित्रपट झी स्टुडिओजबरोबर काढला, ती रितेश देशमुखांची, म्हणजे लातूरच्याच घरातली. तेव्हा या गोष्टीची मुळं कुठे असतील, असा विचार करायला फार लांब जावं लागत नव्हतं. पुढे २०२४ मध्ये नीटच्या पेपरफुटीचा तपास देशभर फिरता फिरता लातूरपर्यंत येऊन पोचला, तेव्हा सात वर्षांपूर्वीच्या त्या परीक्षणांची कात्रणं काढून कुणी पुन्हा वाचायला हवी होती. ज्याला आपण थरारपटाचा सांगाडा म्हणालो तो चित्रपटाचा विषय होता.

याचा अर्थ चित्रपट निर्दोष आहे असा नव्हे. उत्तरार्धात फेणे इतका सहज सगळीकडे पोचतो की सायकलवाल्या बन्याला धाप लागलेली तिथे दिसत नाही. अबोली ही पत्रकार मुलगी पर्ण पेठे यांनी चांगली केली, पण लेखनाने तिला फेणेच्या मागे-मागेच ठेवलं. आणि शोधाची वाट लबाडीने सोपी केलेली आहे. परीक्षेचा खरा बाजार एका अप्पावर उभा नसतो, त्यात क्लासवाले, केंद्रावरचे लोक, दलाल आणि पैसे मोजणारे आई-बापही असतात. हे शेवटचं चित्रपटाला झेपलं नाही. लातूरच्या खोलीत दोन वर्षं काढलेल्या पोरीने ते एका वाक्यात सांगितलं असतं, कारण शेजारच्या कॉटवरच्या मैत्रिणीचे आई-बाप तिने पाहिलेले असतात. अभ्यासू समीक्षकाला ते दिसलं नाही, कारण तो फेणेच्या मिशीकडे पाहत बसला होता.

१९७९ ते २०१७ या काळात छापण्याची तऱ्हा पार पालटली. पूर्वी रविवारच्या पुरवणीत निवांत स्तंभ यायचा, आता शुक्रवारी दुपारपर्यंत साडेतीन तारे येतात. बसायची खुर्ची मात्र तीच राहिली. आणि या मधल्या काळात मन्नाएखेळ्ळीचा प्रेक्षक समीक्षेची वाट न पाहता पुढे निघून गेला. मराठी चित्रपटासाठी उदगीर, लातूर नाहीतर सोलापूर गाठायचं, हा त्रास त्याच्या मागच्या पिढीचा. याच्या हातात फोन आहे, आणि फेणे त्याला दिसतो तो एखाद्या तेलुगू मारधाडीच्या आणि कन्नड विनोदी तुकड्याच्या मधोमध. तिथे त्याची स्पर्धा भागवतांच्या पुस्तकाशी नाहीच, अल्लू अर्जुनशी आहे. हे ज्याला ठाऊक नाही त्याने 'वेग आहे' असं लिहिलं, तर वेग कशाच्या तुलनेत, हे कसं कळणार?

लातूर, सोलापूर, नांदेड इथे मराठी वर्तमानपत्रांच्या आवृत्त्या निघतात, त्यांत शिक्षणाच्या पुरवण्या असतात आणि त्या पुरवण्या क्लासच्या जाहिरातींनी भरलेल्या असतात. भालकी, औराद, हुमनाबादकडची लातूरला गेलेली पोरं दिवाळीला घरी येतात किंवा नुकतीच परतलेली असतात. वर्षभरात चित्रपट पाहण्याची उसंत त्यांना तेवढीच मिळते, आणि मोठे मराठी चित्रपट पुष्कळदा त्याच मोक्यावर लागतात. 'फास्टर फेणे'ही २०१७ ची दिवाळी सरल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी लागला होता. पुढचा फेणे येईल तेव्हा त्या पुरवणीत, क्लासच्या दोन जाहिरातींच्या मध्ये का होईना, यांच्यातल्या दोघा-तिघांना तीनशे शब्दांची जागा द्यावी, आणि तारे छापायचे असतील तर संपादकांनी ते स्वतःजवळ ठेवावेत.